कामोलीचा डोंगर, हिंगणघाटचं घर

माझे पाय चांगले आहेत. डोळ्यांना चष्मा आहे, डाव्या मनगटात हाड जोडल्याची गाठ आहे, ढगाळ हवेत खांदा कुरकुरतो. पण पाय चांगले आहेत. हे एवढं ठासून सांगायचं कारण असं, की माझी पोरं ते मानायला तयार नव्हती. त्यांच्याकडून ते कबूल करून घ्यायला मला हिंगणघाटहून थेट इटलीतल्या एका समुद्रकाठच्या गावापर्यंत जावं लागलं.

हिंगणघाटला आमचं घर मोठ्या रस्त्यापासून एक गल्ली आत आहे. पुढच्या खोलीत माझा शिवणक्लास चालतो. चार पायमशिनी, कापड कापायचं एक लांब टेबल, खिळ्याला अडकवलेले ब्लाउजांचे कागदी नमुने. यजमान गेल्यापासून मी घरात एकटी असते असं पोरं म्हणतात. सकाळची भांडी होत नाहीत तो पोरी यायला लागतात, त्यांच्यामागे त्यांच्या आया काज-बटणं करून घ्यायला येतात, आणि संध्याकाळी दार लावताना मला रोज कुणाला तरी हाकलावं लागतं. असं एकटेपण सगळ्यांना मिळो. पण मागच्या पावसाळ्यात मोरीत शेवाळावर पाय घसरला आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, मशीन सुरू झाली, मी ते विसरूनही गेले. पोरं विसरली नाहीत.

पोरगा बंगळुरूला असतो. पोरगी इटलीत, जिनोआ नावाच्या मोठ्या बंदराच्या शहरात जहाजांचे आराखडे काढते. आमच्या सात पिढ्यांनी वणा नदीच्या पुरापेक्षा जास्त पाणी पाहिलेलं नाही आणि ही जहाजं बनवते, याचा मला फार तोरा आहे. तो मी लपवतही नाही. लग्न तिनं तिकडच्याच एका मुलाशी केलं. एप्रिलमध्ये तिचा फोन आला, "आई, मे महिना इकडे काढ. तिथच्या उन्हात काऊन भाजून राह्यली?" तिकीटही तिनंच पाठवलं. मला वाटलं, लेकीला आईची आठवण आली. भोळी मी.

जावयाचं गाव जिनोआपासून आगगाडीनं जवळच आहे. नाव कामोली. गाडी बोगद्यातून बोगद्यात शिरते, मध्येच डोळे मिचकावल्यासारखा समुद्र दिसतो, आणि स्टेशनातून खाली उतरलं की एकदम सगळा समोर येतो. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी मोठ्यानं "बापा!" म्हणाले. जावई हसला. त्याला वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते, माझ्याजवळ दुसरा शब्दच नव्हता.

पाण्याला लागून उंचच उंच घरं, पाच-सहा मजली, एकमेकांना खेटून. कुठलं हळदीच्या रंगाचं, कुठलं विटकरी, कुठलं फिकट गुलाबी. प्रत्येक घराला हिरव्या झडपांच्या खिडक्या, खिडक्यांवर नक्षी, नक्षीला दगडी कोरीवकाम. जवळ गेले आणि हात लावला तर भिंत सपाट. नक्षी रंगवलेली, कोरीवकाम रंगवलेलं, आणि खिडक्यांपैकी कितीतरी खिडक्याही रंगवलेल्या! आपण शर्टाला नुसती पट्टी मारून खिशाचा भास करतो ना, तसं. मी शिवणारी बाई, मला ही लबाडी फार आवडली. पोरगी म्हणाली, रंग वेगवेगळे एवढ्यासाठी, की समुद्रात दूर गेलेल्या माणसाला तिथूनही आपलं घर ओळखू यावं.

माझी विहीण त्यातल्याच एका विटकरी घरात, पाचव्या मजल्यावर राहते. एकटीच. लिफ्ट नाही. वय माझ्यापेक्षा बरंच जास्त, पण भाजीची पिशवी घेऊन जिन्यानं अशी वर येते, की खालच्या मजल्यावरचे तरणे बाजूला होतात. तिला मराठी येत नाही, मला तिची भाषा येत नाही. आम्ही दोघींनी पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं की ही अडचण मानायची नाही. ती तिच्या भाषेत सांगायची, मी वऱ्हाडीत जबाब द्यायची, आणि जेवणाचं ताट दोघींच्या मध्ये असायचं. तेलात माखलेली जाडसर पोळी, तिच्या पोटात वितळलेलं चीज. मी तिला तव्यावरचं धिरडं करून घातलं. तिनं तीन बोटं ओठांना लावून हवेत सोडली. याचा अर्थ कळायला कुणी लागतं का?

तिनंच मला गाव दाखवलं, पोरगी दुभाषी. गावाच्या नावाचा अर्थ म्हणे 'बायकांची घरं'. खरं का खोटं ते तिथलेही पैजेवर सांगत नाहीत, पण त्यामागची गोष्ट खरी आहे. दीडशे वर्षांपूर्वी या एवढ्याशा गावाची शेकडो शिडाची जहाजं होती. पुरुष जहाजावर, वर्ष वर्ष बाहेर. मागे घर, शेत, म्हातारे, पोरं, सगळं बायकांकडे. पुढं वाफेची जहाजं आली आणि शिडं संपली. आता त्या जहाजांचे लाकडी नमुने एका लहानशा संग्रहालयात काचेमागे ठेवले आहेत. विहिणीचा नवराही बोटीवरच होता. वर्षातून एकदोन महिने घरी. "मंग बाकीचे महिने एकटीनं कसं केलं?" मी विचारलं. पोरीनं भाषांतर केलं. विहीण म्हणाली, "तो घरी असायचा तेव्हा जास्त काम पडायचं." आम्ही दोघी इतक्या हसलो, की पोरीला कळेना हसावं का रागवावं.

बंदराशी खडकावर एक देऊळ आहे, त्याला टेकून जुना किल्ला. एका भिंतीवर अबब एवढी लोखंडी कढई टांगलेली. मे महिन्यातल्या जत्रेला तसल्या कढईत मासे तळून गावाला वाटतात. आपल्याकडच्या महाप्रसादाच्या कढया तिच्यापुढं तिच्या नाती शोभतील. धक्क्यावर कोळ्यांची जाळी पडली होती, नारळाच्या काथ्याची. विहिणीनं जाळीला हात लावला, मग माझ्या छातीकडे बोट केलं: हा काथ्या तुमच्या देशातून येतो. मी काथ्याकडे पाहून मान डोलावली. आमच्या वर्धा जिल्ह्यात नारळ देवापुढं फोडायला तेवढा मिळतो, हे सांगायचं कशाला!

आणि एका झाडीतल्या देवळात चित्रं होती. सगळी वादळाची. लाटेवर आडवं झालेलं जहाज, मोडलेली डोलकाठी, आणि वर ढगात देवाची आई. जगून परत आलेल्यांनी नवस फेडायला ती काढून घेऊन भिंतीला लावली होती. मी एकेक चित्र पाहत कितीतरी वेळ उभी राहिले. आमच्याकडे लोक गिरडच्या डोंगरावर बाबा फरीदच्या दर्ग्याला नवस फेडायला जातात, हिंदू काय आणि मुसलमान काय. माणूस बुडायला लागला की सगळीकडे सारखंच करतो.

आम्ही विहिणीकडेच उतरलो होतो, तिथं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोराचा फोन आला. पोरीनं तो घेतला, आतल्या खोलीत गेली, आणि दार लोटायला विसरली. "हो, सांगतो मी तिले," ती म्हणत होती, "आज सांगतो. गिऱ्हाईकाले म्हणा, थांब थोडं."

गिऱ्हाईक! माझ्या घराला!

मग पोरीकडून सगळं बाहेर आलं. घर मोक्याच्या जागी आहे, घेणारा तयार आहे, माझ्या सहीचं तेवढं बाकी आहे. पुढं मी सहा महिने बंगळुरूला आणि सहा महिने इटलीत राहायचं. मशिनी 'कोणा गरजू बाईला' द्यायच्या. इथल्या उन्हाचं, तिथल्या समुद्राचं सगळं गोड बोलणं याच्यासाठी होतं. माझं डोकंच फिरलं.

रात्रीच्या जेवणाला विहिणीच्या गॅलरीत बसलो तेव्हा मी तोंड उघडलं.

"मले न इचारता माहं घर इकून राह्यले तुम्ही?"

"आई, इकलं नाई. इचारूनच राह्यलो ना."

"इकडे आणून इचारतं का कोणी?"

"तू मोरीत पडली तवा कोण होतं तिथं?" आता तिचाही आवाज चढला. "शेजारची आली म्हणून बरं. डोक्यावर पडली असती त? आमी दोघं हजारो कोस दूर. रोज सकाळी तुहा फोन लागस्तोवर माह्या जिवाचं काय होते, तुले काय ठाव?"

तिचे डोळे भरले होते. राग आला तरी हे मला दिसलं, आणि त्याचा मला जास्तच राग आला, कारण रडणाऱ्या पोरीशी नीट भांडता येत नाही. मी म्हणाले, "एकडाव घसरली. पाय धड हायेत माहे."

गॅलरीतून गावामागचा डोंगर दिसत होता. त्याच्या खांद्यावर एक पिवळं देऊळ. रोको नावाच्या साधुपुरुषाचं. पोरीनंच मला सांगितलं होतं, की तिथं दर वर्षी इमानी कुत्र्यांना बक्षीस देतात. पोरीनं तिकडे हात केला. "थे देऊळ दिसते ना? जवान माणसाची दमछाक होते. गावापासून सगळ्या पायऱ्या. थे चढून दाखव, मंग बोल पायाच्या गोठी."

"चढीन."

"आई, मी आपलं म्हणून राह्यली..."

"चढीन म्हणलं ना. उद्या सकाळी. आन चढली त घराचं नाव नाई काढायचं."

तिनं खुर्ची पुढं ओढली. मग म्हणाली, "आन नाई चढली त?"

विहीण एकीकडून दुसरीकडे मान वळवत ऐकत होती. मी ताटात पाहिलं आणि म्हणाले, "नाई चढली त सही करीन." बोलून गेले. आमच्या घरात शब्द फिरवायची चाल नाही.

सकाळी पोरगी मागच्या रस्त्यानं बसनं वर गेली. देवळाशी थांबते म्हणाली. विहिणीला भांडणातून एवढंच कळलं होतं, की मी वर चढणार आहे; तिनं डोक्याला रुमाल बांधला आणि माझ्याबरोबर निघाली. मी नऊवारी नाही, साधी सहावारी नेसते. तिचा काष्टा खोचला. गावाच्या मागं एक ओढा आहे, त्याच्या बाजूनं दगडी पायऱ्या सुरू होतात. तिथं एका भिंतीशी मी पायातले बूट काढले, जोडीनं कडेला ठेवले आणि चढायला लागले.

मी ते का केलं, असं आता सगळे विचारतात. मला तेव्हा विचारही करावा लागला नाही. वर देवाचं ठिकाण दिसतं आहे आणि आपण पायथ्याशी आहोत, म्हणजे पायतण खाली राहणार. गिरडचा डोंगर चढताना आईनं लहानपणापासून लावलेली सवय. वर पीर असो की देव, पायतण घालून जायचं नाही. बूट पोरीनं मुद्दाम याच्यासाठी आणून दिलेले, मऊ तळव्यांचे, पाय घसरू नये म्हणून!

पहिल्या वळणावर विहिणीचं लक्ष माझ्या पायांकडे गेलं. ती थांबली. खाली बोट केलं, भुवया वर केल्या. मी वरच्या देवळाकडे हात केला आणि नमस्कार केला. तिनं माझ्याकडे पाहिलं, देवळाकडे पाहिलं, आणि हळूच कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना बोटं लावली. तिला वाटलं, माझा नवस आहे. त्या गावात नवस म्हटलं की पुढं विचारत नाहीत.

पण सांगतात मात्र! पहिल्याच घराच्या दारात एक म्हातारी कुंडीला पाणी घालत होती. विहीण तिच्याशी काहीतरी कुजबुजली. म्हातारीनं झारी ठेवली, रुमाल बांधला आणि आमच्यामागं चालायला लागली. पुढच्या घरी तसंच. ऑलिव्हच्या बागेत एक जोडपं काम करत होतं. त्यातली बाई आली, नवऱ्यानं आपल्या सपाता काढून माझ्यापुढं धरल्या. मी हात जोडून नको म्हणाले. तो टोपी काढून बाजूला झाला. एका बाईनं लिंबाचं पाणी आणलं. मागं वळून पाहिलं तर पाच-सहा बाया, सगळ्या माझ्या वयाच्या किंवा वरच्या, काठ्या टेकत, गप्पा मारत येत होत्या.

दुरून डोंगर साजरे, ही म्हण ज्यानं केली तो नक्की चढून गेलेला असणार. घरं संपली आणि पायऱ्या उभ्या झाल्या. ऊन आलं. उन्हाचं मला काही नाही, वर्ध्याच्या मे महिन्यात वाढलेली मी. पण दगड असे खडबडीत, की तळवे सोलून निघाले. एक काटा टाचेत मोडला. छाती भात्यासारखी व्हायला लागली. एका पायरीवर मी बसले ती बसलेच.

तिथं मला पहिल्यांदा भीती वाटली. डोंगराची नाही. मला वाटलं, पोरगी खरंच बोलत असेल तर? मी खरंच म्हातारी झाले असेन, आणि सगळ्यांना दिसतंय, फक्त मला दिसत नाही, असं असेल तर? डोळ्यांपुढं माझी पुढची खोली आली, रिकामी, भिंतीत नुसते खिळे. रडू आलं. ते मी पदरानं पुसलं, पण विहिणीनं पाहिलं. ती माझ्या शेजारी टेकली. माझा पाय मांडीवर घेतला, केसांतली पिन काढली आणि टाचेतला काटा कोरून काढला. इतकं दुखलं की मी तिला आईवरून शिवी दिली. तिनंही मला काहीतरी सुनावलं. मग आम्ही दोघी उठलो.

त्यानंतर मी थांबले नाही. बाकीच्या बायांनी काहीतरी गाणं धरलं होतं, देवाचंच असावं. मला ते येत नव्हतं, म्हणून मी आपलं गिरडच्या वाटेवर म्हणतात तसं "बाबा फरीद की जय" म्हणत राहिले. एकीनं ते उचललं. मग सगळ्यांनी. काय म्हणतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण जय म्हटलेलं कोणालाही कळतं.

देवळापुढं मोकळी जागा आहे, कट्टा आहे, आणि कट्ट्याखाली सगळा समुद्र. पोरगी कट्ट्यावर बसून कॉफी पीत होती. आधी तिला आवाज ऐकू आला असेल. ती वळली. पायऱ्यांवरून तिची आई येत होती, अनवाणी, काष्टा खोचलेली, केस सुटलेले, आणि मागं म्हाताऱ्यांची अख्खी पलटण फरीदबाबाचा जयजयकार करत. पोरीनं कप खाली ठेवला तो कलंडला. मी शेवटच्या पायरीवर पाय ठेवला, दोन्ही हात कमरेवर घेतले आणि तिच्याकडे पाहिलं. आयुष्यात इतकी छाती फुगवून मी कधी उभी राहिले नसेन. लग्नात नाही, क्लासच्या उद्घाटनाला नाही.

"आई! बूट कुठं हाये तुहे?"

"खाली. देवाजवळ बूट घालून येतं का कोणी?"

ती काही बोलायच्या आत बायांनी तिला घेरलं. सगळ्या एकदम बोलत होत्या. पोरीचा चेहरा बदलत गेला. ती माझ्याकडे वळली. "आई, याईले वाटते तू नवस केला. इचारून राह्यल्या, कायचा नवस हाये म्हून."

मी नवस केला नव्हता. पण देवळाचं दार उघडं होतं, आत मेणबत्त्या दिसत होत्या, आणि मला वाटलं, आता करायला काय हरकत आहे? मी तिथंच हात जोडले. "सांग त्याईले," मी म्हणाले, "मले माह्या घरात राहू द्या. माह्या हातानं दार उघडीन, माह्या हातानं लावीन. हात-पाय चालतीन तोवर."

"आई, हे मी कसं सांगू?"

"जसं मी सांगतलं तसं."

तिनं सांगितलं. एकेक शब्द थांबून थांबून, खाली पाहत.  बायांतली सगळ्यांत म्हातारी, काठीवर दोन्ही हात ठेवून उभी होती, ती पोरीकडे बोट करून काहीतरी बोलली. विहीण खुदकन हसली. पोरगी कानापर्यंत लाल झाली.

"काय म्हणते वो थे?"

ती कलंडलेला कप उचलायला वाकली.

"सांग ना."

"थे म्हणते," पोरगी म्हणाली, "याच्यासाठी देवाले काऊन तरास देता? याचा जबाब त पोरीपाशी हाये."

पाचामुखी परमेश्वर म्हणतात तो असा. सगळ्या बाया तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या, आणि मी पण. ती बराच वेळ माझ्या पायांकडे पाहत होती. टाचेतून थोडं रक्त आलं होतं. मग तिनं फोन काढला, भावाला लावला, आणि मला ऐकू यावा म्हणून त्याचा आवाज मोठा केला.

"दादा, घर इकायचं नाई. गिऱ्हाईकाले नाई म्हून सांगजो."

"काऊन? काय झालं? आई तयार नाई का?"

"मी तयार नाई," ती म्हणाली. "आई चढली दादा. पुरा डोंगर. मी पाह्यलं. थे आपल्या घरी राहीन, आन आपण भेव वाटलं त फोन लावू."

फोन ठेवून तिनं डोळे पुसले. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी, त्या बायांकडे वळून तिनं तेच त्यांच्या भाषेत सांगितलं, ताठ उभी राहून, मोठ्यानं, एकही शब्द न अडखळता.